अण्णा, लाल लावू की मुके?

अण्णा, घाव बरोबर मधोमध बसला होता. तुझ्या कपाळावर पट्ट्याने बांधलेले दोन लाल ठिपके, आणि त्यांच्या मध्ये, लहानपणी आत्या गंध लावायची त्या जागी, कुऱ्हाडीची बोथट बाजू. काळोखात इतका नेमका घाव कसा बसला, असं डॉक्टरांनीच मला विचारलं. कुठे मारायचं ते तू स्वतःच दाखवत उभा होतास, हे परक्या माणसाला कसं सांगायचं?

तुला पोचवून चामराजपेटला घरी आल्यापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. देवनहळ्ळीच्या शेतात आपल्या अप्पांनी लावलेल्या चंदनांपैकी विहिरीजवळचं एक झाड उरलंय. बाकीची चोरांनी बुंध्यापासून कापून नेली. तुला मारलं त्या रात्री त्यांना झाड सोडून पळावं लागलं, म्हणजे ते उरलेलं न्यायला ते पुन्हा येणार. तिघांपैकी एक सापडलाय, दोघे मोकळे आहेत. आणि तुझ्या फोटोच्या दुकानात अंधारात बघायचा दुसरा चष्मा तयार पडलाय. लोक भेटायला येत होते, बसत होते, उठत होते, आणि मी मनातल्या मनात त्या झाडाखाली जाऊन बसले होते. चष्मा डोळ्यांवर, तुझी काठी मांडीवर. हातपाय मोडायचे, हे ठरलेलं होतं. फक्त एक ठरत नव्हतं. चष्म्याला लाल दिवे लावायचे की मुके?

आत्याने चार माणसांत मला विचारलं, "ते रात्रीचा चष्मा म्हणतात ते काय गं? मला पण स्वल्प सांग की." मग सांगितलं. आपल्याला न दिसणारा एक उजेड असतो, टीव्हीच्या रिमोटमधून निघतो तो. कॅमेऱ्याला तो दिसतो, पण त्याने फोटोचे रंग बिघडतात, म्हणून बनवणारे आत एक काचेचा तुकडा बसवून त्याला अडवतात. अण्णा लग्नाच्या शूटिंगचे जुने कॅमेरे उघडून तो तुकडा काढायचा. ज्या छोट्या खिडकीला डोळा लावून शूटिंग करतात ती कापून हेल्मेटच्या पट्ट्यावर बसवायचा. बॅटरी कमरेला, आणि कपाळावर त्या न दिसणाऱ्या उजेडाचे दिवे. मग अंधारात त्याला सगळं दिसायचं, राखेच्या रंगाचं, आणि समोरच्याला काहीच नाही. आत्या विचार करून म्हणाली, "सरी सरी, बरं. म्हणजे देवाचं काम." मग पदराने नाक पुसून म्हणाली, "त्याला कुणी सांगितलं होतं करायला?"

खरंच, कुणी सांगितलं होतं? लग्नांना आता लोक ड्रोनवाले बोलावतात, तुझी कपाटं मेलेल्या कॅमेऱ्यांनी भरली होती, आणि चंदन चोरीला जात होतं. एवढं तुला पुरे होतं. पहिल्या चष्म्याच्या वेळी जुन्या कॅमेऱ्याच्या त्या छोट्या खिडकीत विजेचा असा झटका बसला की स्क्रू-ड्रायव्हर उडून अप्पांच्या तसबिरीची काच फुटली. तू बोटं चोखत म्हणालास, "बघ, अजून मारतात." आपण दोघं जमिनीवर बसून हसलो होतो.

दिव्यांवरून आपलं जुनं भांडण. एक प्रकारचे दिवे शेताच्या या बांधापासून त्या बांधापर्यंत पोचतात, पण अंधारात नीट बघितलं तर उदबत्तीच्या टोकाएवढे लाल दिसतात. दुसरे अजिबात दिसत नाहीत, पण त्यांचा उजेड थोडक्यातच संपतो. आपण त्यांना लाल आणि मुके म्हणायचो. तुझा जीव लालवर. मी म्हणायचे, अंधारात दबून बसलेल्याला उदबत्तीचं टोकही दिसतं, तुझ्या कपाळावर तू निशाण काढून घेतोयस. मी इलेक्ट्रॉनिक सिटीत गाड्यांचे दिवे तपासते, हेच माझं रोजचं काम, पण तुझ्यापुढे पालथ्या घड्यावर पाणी. "दिव्यांवर शिक्के मारणाऱ्यांनी मला शिकवू नये," म्हणायचास. शेवटी भाऊबीजेला ओवाळताना मी ताटात सुपारीशेजारी मुक्या दिव्यांची पट्टी ठेवली. तू पाटावरून उठायच्या आधीच ती चष्म्याला लावलीस. माझं ऐकलंस असं तेव्हा वाटलं होतं.

ती पट्टी आपण अप्पांच्या डार्करूममध्ये तपासली. भर दुपारी. दाराच्या फटीत टॉवेल कोंबला आणि आत इतका काळोख झाला की डोळे उघडे आहेत की मिटलेले, तेही कळेना. तू चष्मा लावून, मी आंधळी. माझी बोटं मोजून दाखवलीस, फळीवरच्या जुन्या बाटलीचं नाव वाचून दाखवलंस. मग काय तुझ्या अंगात आलं कोण जाणे, मला टपल्या मारायला लागलास. डावीकडून, उजवीकडून, मागून. मी चाचपडतेय आणि तू खिदळतोयस, एवढा घोडा झालास तरी. माझ्या हाताला फोटो धुवायचा ट्रे लागला. आवाजाच्या रोखाने तो मी असा फिरवला की तुझी भुवई फाटली. वहिनीने दार उघडलं तर तुझ्या शर्टावर रक्त आणि आपण दोघं हसतोय. मला काही दिसत नव्हतं, तुला सगळं दिसत होतं, आणि टाके तुलाच पडले. हे तू लक्षात ठेवायला हवं होतंस.

मग तो रविवार. दुकानाचं शटर अर्धं ओढून तू मला चष्म्यातलं रेकॉर्डिंग दाखवलंस. शेतात तुझ्या हाती एक चोर लागला होता. राखेच्या रंगाचं शेत, राखेच्या रंगाचा एक वाळकुडा माणूस, हातात करवत. त्याचे डोळे सताड उघडे होते, मांजराच्या डोळ्यांसारखे चमकत होते, आणि कुठेच बघत नव्हते. तुझी काठी उजवीकडून आली तर तो डावीकडे हात धरायचा. गुडघ्यावर बसली तर डोकं झाकायचा. पडला, उठला, झाडावर आपटला, पुन्हा पडला. त्याला वाटत होतं चारी बाजूंनी माणसं मारतायत. "बिडण्णा," म्हणत होता, सोड रे अण्णा, "बिडण्णा, बिडण्णा." या गावात परक्या माणसालाही अण्णाच म्हणतात, मला माहीत आहे. तरी मी तुला ज्या नावाने हाक मारते त्याच नावाने तो गयावया करत होता, आणि तू थांबत नव्हतास. मनगट मोडल्याचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट आलाय. नंतर तो रांगत पळाला आणि तू त्याला जाऊ दिलंस, कारण पोलिसांत दिलं असतं तर हे मारणंही सांगावं लागलं असतं.

"बघ कसा हात भलतीकडेच धरतोय," म्हणून तू हसलास. मी स्टूल उचलून त्या पडद्यावर घातलं.

काच फुटल्यावर तू माझ्या अंगावर धावून आलास. "चोर होता तो, सुमे. अप्पांची झाडं. त्याला काय आमंत्रण देऊन मारू?"

"अप्पासुद्धा दिवा मालवूनच मारायचे," मी म्हटलं.

तुझा उगारलेला हात तिथेच राहिला. ही गोष्ट आपण दोघांनी कधीच बोलून काढली नव्हती, नाही का? लोकांसाठी अप्पा म्हणजे चामराजपेटचे सज्जन फोटोग्राफर. आपल्याला शिक्षा करायची असली की ते डार्करूममध्ये न्यायचे, दार लावायचे आणि तिथला तो लहानसा लाल दिवा आधी बंद करायचे. आपली तोंडं त्यांना बघायची नसत, म्हणून. पट्टा कुठून येतोय ते कळायचं नाही. पाठ वळवावी तर पोटावर, हात धरावा तर पायावर. तू मला खाली घालून वर पालथा पडायचास, आणि मला फक्त आवाज ऐकू यायचे. माझ्या वाट्याचे किती तू खाल्लेस ते मला कधी कळलं नाही. त्याबद्दल तुला कधी काही म्हटलंही नाही. आज म्हणते. माझ्या अंगावर एक वळ नाही, अण्णा, ते तुझ्यामुळे.

पण त्या रविवारी मी हे बोलले नाही. मी एवढंच म्हटलं, "मारायचंच असेल तर त्याला तू दिसायला तरी हवास." आणि पर्स उचलून बस पकडली. त्यानंतर आपण फोनवर बोललो ते आत्याच्या गुडघ्यांबद्दल, पाण्याच्या टँकरबद्दल. तो वाद तसाच राहिला.

पोलीस स्टेशनात ओळख पटवायला मला बोलावलं, तेव्हा टेबलावर प्लॅस्टिकच्या पिशवीत तुझा चष्मा होता. भिंगाचा चुरा झालेला, पट्ट्यावर रक्त वाळलेलं. आणि पट्टी लाल दिव्यांची. माझे मुके काढून टाकून पुन्हा आपलंच खरं केलं होतंस. मला रडू यायला हवं होतं, पण मला इतका संताप आला की तू समोर असतास तर मीच तुझं डोकं फोडलं असतं. कोपऱ्यात तो बसला होता, सापडलेला. मनगट वाकडं जुळलेलं. मी ओळखलं त्याला. त्याचं दुसरं मनगट कसं पिरगाळायचं, याचा मी त्या खोलीत उभी राहून शांतपणे विचार केला. तो वर बघून म्हणाला, "मोदलु होडेदिद्दु अवरु, अक्का." पहिल्यांदा त्यांनीच मारलं होतं, अक्का. ते पडद्यावर मी बघितलं होतं.

घरी येऊन मी दुकानातल्या चष्म्याला मुके दिवे लावले. ठरलं. मला कुणी बघणार नव्हतं, आणि मी सगळ्यांना बघणार होते.

दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी आत्याने तुझ्या दिव्याजवळ परातीत पीठ पसरून ठेवलं. माणूस कुठल्या जन्माला गेला त्याची खूण सकाळी पिठात उमटलेली दिसते, असं आपल्यात धरतात. पाखराची पावलं, सापाची वळणं, काहीही. खोलीचं दार ओढून घेतलं, आत कुणी जायचं नाही असं बजावलं. मी हे असलं मानत नाही, तुला माहीत आहे. पण तू काहीतरी होऊन येणारच असशील तर मला बघायचं होतं, आणि बघायचं यंत्र तुझंच होतं. सगळे जेवायला बसल्यावर मी चष्मा लावून आत गेले.

काही दिसलं नाही. तेलाच्या दिव्याच्या ज्योतीतून तो न दिसणारा उजेड भसाभसा निघत असतो, हे तूच मला शिकवलं होतंस आणि मी विसरले होते. चष्म्यात सगळं पांढरंफेक. परात नाही, भिंत नाही, माझा हात नाही. मग मला वाटलं, जरा वेळ दिवा विझवावा. मी वात चिमटीत धरायला हात पुढे केला.

वहिनीने मागून येऊन माझं मनगट धरलं. मी झटकलं, तिने सोडलं नाही. मी तिला कोपराने ढकललं, आणि तिने माझ्या कानाखाली अशी वाजवली की चष्मा उडून भिंतीवर आपटला. निपाणीहून लग्न होऊन आल्यापासून या बाईने घरात आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता. तोल जाऊन आम्ही दोघी परातीवर पडलो, कोपरापर्यंत पीठ.

"काय करायलीस?" ती धापा टाकत म्हणाली. "आधी दिवा मालवायचा नि मग काय ते करायचं. तुमच्या घरातली रीतच ही."

म्हणजे तू तिला डार्करूमचं सांगितलं होतंस. मला बरं वाटलं, आणि रागही आला.

मी म्हटलं, "वहिनी, लाल दिवे लावले नसते तर तो जिवंत असता. शेवटपर्यंत हट्ट."

"हट्ट न्हवं." तिने पदराने माझ्या हाताचं पीठ पुसायला घेतलं, जोरजोरात, सोलून काढल्यासारखं. "मी विचारलं होतं त्यांना. चांगले दिवे काढून हे का लावालाय? तर म्हणाले, सुमी बोलली ते खरं हाय. मी दिसायला पायजे. लाल दिसलं की पळतील, पळाले तर मारायला नको."

दोघे पळाले, अण्णा. एक पळाला नाही. ज्याचं मनगट तू मोडलं होतंस तो.

मी बरोबरच बोलले होते. आजही तेच बोलेन. आणि तू ते ऐकलंस म्हणून मेलास. आयुष्यभर माझं एक ऐकलं नाहीस, चष्म्याच्या भिंगापासून रक्तदाबाच्या गोळीपर्यंत, आणि ऐकलंस ते हे. मी वहिनीच्या मांडीवर डोकं आपटून रडले. तिने मला थोपटलं नाही, पण उठलीही नाही. दिवा चालू होता.

सकाळी आत्याने दार उघडलं. सांडलेलं पीठ आम्ही रात्रीच परातीत सारखं केलं होतं, तरी त्यात पाच बोटांचा ठसा होता, अगदी तळहाताच्या रेषांसकट. आत्याने हात जोडले. "माणसाचाच जन्म. बघा, बोटं बघा केवढी." मग वाकून निरखून म्हणाली, "इथे बांगडी पण आहे. म्हणजे बाई होऊन येतोय आमचा." चुलतभावाने मोबाईलवर फोटो काढला. वहिनी आणि मी खाली मान घालून उभ्या होतो, आणि मला भीती वाटत होती की तिच्याकडे बघितलं तर हसू फुटेल. तू असतास तर तूच आधी फुटला असतास.

तेरावं झालं. काल सकाळी मी मुक्या दिव्यांची पट्टी मागच्या दारी नेली आणि वरवंट्याने ठेचली. एक एक दिवा. फोडले नसते तर मी त्या झाडाखाली जाऊन बसले असते, आणि मग अप्पांच्यात नि माझ्यात काय फरक उरला असता ते मला सांगता आलं नसतं. ठेचताना तुला शिव्या देत होते, त्या दोघांना देत होते, अप्पांना देत होते. शेजारणीने खिडकी लावून घेतली.

मग लाल पट्टी, बॅटरी आणि ती चार्ज करायचा छोटा सोलर घेऊन बसने देवनहळ्ळीला गेले. विहिरीजवळच्या चंदनाला तुझ्या कपाळाच्या उंचीवर पट्टी बांधली. तुझी उंची मला न मोजता कळते, वर बघून भांडायची सवय होती ना. उन्हात दिवे दिसत नव्हते. मोबाईलच्या कॅमेऱ्यातून बघितलं तेव्हा पेटलेले दिसले. आता तिथे रोज अंधार पडला की दोन लाल ठिपके उभे राहतील आणि त्यांच्या मागे कुणीही नसेल. दिसलं की पळतील, असं तू वहिनीला म्हणालास. बघू. नाही पळाले आणि घाव घातलाच, तर तो लाकडावर पडेल. काठी मी परत आणलीय. ती टाकवली नाही, माझा राग अजून गेलेला नाही.

आज दुपारी दुकान उघडलं. काचा झाडल्या, कॅमेरे पुसून कपाटात लावले. मग डार्करूममध्ये गेले, दार लावलं, फटीत टॉवेल कोंबला. हातात तो ट्रे घेतला, कडेला तुझ्या भुवईने पोचा आलेला. डोळे उघडे ठेवून बराच वेळ उभी राहिले, मान जराशी पुढे काढून, डावीकडून, उजवीकडून, मागून, कुठूनही चालली असती.

टपली आली नाही, अण्णा.